आनंदीची कबुली

मालवणच्या बाजारातून परत येताना वाडीचे पहिले माड दिसले की दुर्गा आधी कान द्यायची. कुठे पोर रडत असलं की तिच्या हातातली पिशवी जड व्हायची. रडणारं पोर कोणाचंही असो, रडवणारी आनंदीच असणार, असं तिच्या मनाने आधीच घेतलेलं असायचं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

आनंदी तिची एकुलती एक मुलगी. तिसरीत होती. अंगाने काटकुळी, केस भुरे, बोलणं कमी. पण राग आला की समोरच्याचा दंड धरून दात रोवायची, हाताला लागेल ते फेकायची. मुलगा असता तर लोक म्हणाले असते, मस्तीखोर आहे. मुलगी होती, म्हणून ते काही म्हणत नसत, नुसते बघत.

हे बघणंच दुर्गाला खायचं. विहिरीवर ती घागर घेऊन गेली की बोलणं थांबायचं आणि मग कोणीतरी पावसाचं नाहीतर माशांचं काढायचं. आपल्याबद्दलच चाललं होतं, हे तिला कळायचं. तिच्या कपाळाची एक शीर सकाळपासून ठणकत राही. रात्री दात इतके आवळलेले असत की सकाळी जबडा दुखायचा.

दुर्गाचं माहेर कणकवलीचं. बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. कापड मोजायचा लोखंडी गज पाठीत बसला की पोर सरळ होतं, हे तिने तिथे पाहिलं होतं आणि स्वतःच्या पाठीनेही अनुभवलं होतं. पाचही भावंडं शिकली, मार्गाला लागली. त्यामुळे पोर बिघडलं तर मार कमी पडला, एवढाच अर्थ तिला ठाऊक होता. नवरा सत्यवान मुंबईला गोदीजवळच्या एका गोदामात कामाला. चतुर्थीला यायचा आणि मे महिन्यात यायचा. आला की आनंदीला खांद्यावर घेऊन समुद्रावर जायचा, आणि सुट्टी संपली की जायचा. घरात उरायच्या तिघी. दुर्गा, आनंदी आणि सासू.

सासूला सगळी वाडी अक्का म्हणायची, तशी दुर्गाही म्हणायची. दुर्गाच्या हातात चिव्याची, बारीक बांबूची, शिपटी आली की अक्का माजघरात जायची, आणि शिपटी खाली ठेवली की बाहेर येऊन आनंदीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

"ल्हान आसा गो ता," अक्का म्हणायची. "किती मारतलंस?"

"तुमीच लाड करून वाया घालवलास," दुर्गा म्हणायची. हे दोघींचं ठरलेलं बोलणं होतं. आनंदी गूळ चघळत दोघींकडे आळीपाळीने बघायची.

त्या वर्षी शेजारच्या हौसाबाईच्या घरी टीव्ही आला. तिचा मुलगा बाबली मस्कतला होता. तो सुट्टीवर येताना घेऊन आला आणि परत जाण्याआधी घराजवळच्या माडाला उंच बांबू बांधून, गोव्याची दिशा धरून, अँटेना लावून गेला. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची. वाडीतली सगळी माणसं आंघोळी करून हौसाबाईच्या पडवीत जमायची. म्हाताऱ्या बायका टीव्हीला हात जोडायच्या. हौसाबाई दारात उभी राहून कोण आलं, कोण नाही ते बघायची. तिचा नवरा हरिश्चंद्र जुना तांडेल होता, आयुष्यभर होडीवर गेलेला. आता तो पडवीत जाळी विणत बसायचा. रविवारी मात्र त्याला त्याच्याच पडवीत जागा उरत नसे. तो जाळं उचलून गोठ्याच्या सावलीला जाऊन बसायचा.

एका रविवारी बसायच्या जागेवरून आनंदीचं आणि हौसाबाईच्या नातवाचं, बाळाचं, भांडण झालं. सगळ्यांच्या देखत आनंदीने त्याच्या दंडाला चावा घेतला. रक्त आलं.

हौसाबाईने आनंदीला हाताला धरून पायरीखाली आणून सोडलं. दुर्गा मागोमाग आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दुर्गा, हिका परत हयसर हाडू नको. हिका बगून माझी पोरां भियेतत."

दुर्गाने घरी जाऊन आनंदीला मारलं. अक्काने गूळ दिला.

त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला. जयराम गुरुजींनी बोलावलं होतं. गुरुजी सावंतवाडीकडचे, वयाने तरुण, शाळेत नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्यांनी दुर्गाला खुर्ची दिली, मग बराच वेळ टेबलावरचा खडू इकडचा तिकडे केला.

"आनंदी हुशार आहे," ते म्हणाले. "पण एक विचारू का? मी फळ्यावर लिहायला हात वर केला, की पहिल्या रांगेतली ही मुलगी डोकं झाकून घेते. इतर कोणी तसं करत नाही. घरी काही..."

"काही नाही," दुर्गा म्हणाली. गुरुजींसमोर तिचंही बोलणं बदललं. "शिस्त लावते. आई आहे मी."

"तसं नव्हे. सहज विचारलं."

सहज कोण विचारतं? परतीच्या वाटेवर दुर्गाच्या डोक्यात हेच घोळत होतं. कोणीतरी गुरुजींच्या कानाशी लागलं होतं. हौसाबाई? तिचा बाळा त्याच वर्गात होता. की घरातलंच कोणी? घरी आल्या आल्या तिने अक्काला विचारलं.

"गुरुजींका काय सांगलास तुमी?"

"मी कित्याक जातंय शाळेत?" अक्का तांदूळ निवडत म्हणाली. तिने वर बघितलं नाही, आणि ती वर बघत नाही म्हणूनच दुर्गाचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून ती अक्का कोणाशी बोलते, किती वेळ बोलते, यावर लक्ष ठेवू लागली. आनंदी शाळेतून आली की दप्तर तपासायची, फ्रॉकचे खिसे उलटे करायची. वाडीत एखादं कोंबडं लंगडलं, कोणाचं रोप मोडलं, कोणाची पाटी फुटली, की कोणी दारात येण्याआधीच ती आनंदीला समोर उभी करायची.

"तू केलंस?"

"नाय."

"खरा सांग."

आनंदी थोडा वेळ नाही म्हणायची, आणि मग हो म्हणायची. ती हो म्हणाली की दुर्गाच्या कपाळाची शीर सैल व्हायची. निदान कळलं तरी. निदान आपल्या पोरीचं आपल्याला आधी कळलं, लोकांकडून नाही. मग ती जाऊन माफी मागायची, रोप नवीन लावून द्यायची. कधी कधी लोक चकित व्हायचे, त्यांना अजून कोणावर संशय आलेलाच नसायचा.

मग तो रविवार आला. आंघोळी झालेल्या, फुलं माळलेल्या बायका हौसाबाईच्या पडवीत बसल्या, टीव्ही लावला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. कोणी डबा थोपटला, कोणी बांबू हलवून पाहिला. शेवटी एक जण वायर धरत माडाच्या बुंध्याशी गेला आणि त्याने तिथून सांगितलं, वायर कापली आहे. सहज तुटलेली नव्हती. मधला चांगला वावभर, दोन हात पसरल्याएवढा तुकडा गायब होता.

दुर्गाला ते कळलं तेव्हा ती भात वेळून पेज गाळत होती. हौसाबाई पुढे आणि मागे वाडीतल्या बायका, अशा सगळ्या तिच्या अंगणात उभ्या राहिल्या. हौसाबाईने नाव घेतलं नाही.

"आमची वायर कोणी कापल्यान," ती म्हणाली. "आमका कोणाचो संशय नाय. तू फक्त इचारून बग."

आनंदी मागच्या दारी शंख-शिंपले मांडून खेळत होती. दुर्गाने तिला दंडाला धरून पुढच्या अंगणात आणलं. शिपटी कधी हातात घेतली, तिला नंतर आठवेना.

"वायर कोणी कापल्यान?"

"माका म्हायत नाय."

"खरा सांग."

"मी कापूक नाय, आये."

बायका बघत होत्या. कोणी मध्ये पडली नाही. अक्का नेहमीसारखी माजघरात गेली. आनंदीने चार-पाच वेळा नाही म्हटलं आणि मग, एका फटक्याच्या मधेच, म्हणाली, "मी. मी कापलंय."

"कित्यान?"

"कोयत्यान."

दुर्गाने शिपटी खाली टाकली. अंगणात सुस्कारे सुटले. तिने आनंदीला हौसाबाईच्या पायरीशी नेलं आणि सगळ्यांसमोर नाक घासायला लावलं. पडवी आता रिकामी झाल्यामुळे हरिश्चंद्र आपल्या जागी परत आला होता. जाळ्याचं भोक सांधताना त्याने एकदा मान वर केली, आनंदीच्या वाळूने माखलेल्या नाकाकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली.

तिथे हे मिटलं असतं. पण मालवणच्या दुकानात तशी वायर नव्हती, मागवावी लागणार होती आणि कधी येईल सांगता येत नव्हतं. दोन दिवसांनी हौसाबाईने निरोप धाडला. कापलेला तुकडा मिळाला तर सांधून बघता येईल, तेवढा पोरीकडून आणून द्या.

दुर्गा आनंदीला घेऊन निघाली. हातात शिपटी होती, पण मारायचा विचार नव्हता, सवयीने घेतली होती.

"खंय टाकलंस?"

"थंय. केवड्याच्या मुळात."

दोघी केवड्याच्या बनाशी गेल्या. आनंदीने वाकून वाळू उकरली. अंगाला काटे लागत होते तरी उकरत राहिली. काही निघालं नाही.

"हयसर नाय. थंय, नवीन माडाच्या खड्ड्यात."

नवीन माडाच्या खड्ड्यातही नव्हती. तिथेही आनंदीने हातांनी माती काढली, नखं काळी केली. मग ती म्हणाली, खाडीच्या काठाला टाकली असेल. भरती येऊ लागली होती. चिखलात गुडघाभर उतरून ती दोन्ही हातांनी चाचपत होती आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. आधी दुर्गाला वाटलं, ती आपल्या तोंडाकडे बघतेय. मग तिच्या लक्षात आलं, ती हाताकडे बघतेय. ज्या हातात शिपटी होती त्या हाताकडे. हात जरा हलला की ती दुसरीकडे चाचपायला लागायची.

"आनंदी, वर ये. खरा सांग. खंय टाकलंस?"

आनंदी चिखलातून वर आली. पायांवरून काळं पाणी ओघळत होतं. ती रडत नव्हती. अगदी मनापासून, मदत मागावी तसं म्हणाली, "आये, तूच सांग. मी खंय टाकलंय?"

दुर्गा काठावरच्या उलट्या घातलेल्या होडीला टेकली. शिपटी तिने होडीवर ठेवून दिली आणि रिकामे हात मांडीवर घेतले. आनंदी ते बघत होती.

"सावित्रीवयनीचा रोप कोणी मोडल्यान?" दुर्गाने हळूच विचारलं.

"मी."

"कोंबडो कोणी लंगडो केल्यान?"

"मी."

पुढचा प्रश्न विचारू नये असं वाटत असतानाच दुर्गाने तो विचारला. "आणि रवळनाथाच्या देवळातली घंटा? ती कोणी चोरल्यान?"

आनंदीने होडीवरच्या शिपटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी."

"कधी?"

"काल."

"आता खंय आसा?"

"खाडयेत."

ती घंटा त्या दिवशी सकाळी दुर्गाने स्वतः वाजवली होती.

घरी येऊन दुर्गाने आनंदीचे पाय धुतले, तिला जेवायला वाढलं, आणि मग अक्कासमोर जाऊन बसली. अक्का वाती वळत होती.

"अक्का, त्या कोंबड्याचा काय झालेला?"

अक्काने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मुंगसान धरलेल्यान तेका. मी बगलेलंय."

"मगे सांगूक नाय?"

"तू आयकतलंस काय?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्या हातात शिपटी आसली की माका सुदा भय वाटता, दुर्गा. आता ह्या वयात."

दुर्गा मान खाली घालून बसली. गेल्या वर्षभरातल्या एकेक कबुल्या तिला आठवायला लागल्या. पाटी, रोप, कोंबडा, कोणाच्या तरी कपाळाला लागलेला दगड. बाळाचा चावा खरा होता, तो तिने डोळ्यांनी पाहिला होता. बाकीच्यांतलं खरं किती? तिला कळेना, आणि आता ते कळायचा मार्गही राहिला नव्हता. आनंदीला विचारावं तर ती हो म्हणणार. वाडीतल्या सगळ्यांवर तिने संशय घेतला होता, सासूवर घेतला, गुरुजींवर घेतला. आपल्या शिपटीवर तिने कधी संशय घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौसाबाईकडे गेली. पडवीत तीन-चार बायका सुपारी कातरत बसल्या होत्या. हरिश्चंद्र कोपऱ्यात जाळ्यापाशी होता. दुर्गा पायरीवरच उभी राहिली.

"हौसाकाकी, वायर आनंदीन कापूक नाय."

हौसाबाईने अडकित्ता खाली ठेवला. "त्या दिवशी हो, आज नाय? तिणां सगळ्यांच्या समोर सांगल्यान मगे?"

"मी मारतंय म्हणान सांगल्यान."

"पोरीची आवस असाच म्हणतली," एक जण सुपारीकडे बघत म्हणाली. दुसरी नाकातून हसली.

दुर्गाला कणकवलीच्या दुकानातला तो गज आठवला, आणि कबूल केल्यावर वडिलांचा निवळणारा चेहराही. ती तशीच उभी राहिली. "म्हणां देत," ती म्हणाली. "मी तिका न केलेल्या गोष्टीसाठी मारलंय. ती हो म्हणासर मारलंय. तुमी सगळ्यांनी बगलास. मी आज सांगतंय ता पण आयका. कापणारो दुसरो कोणतरी आसा."

"म्हणजे आमच्या घरात चोर?" हौसाबाई उठून उभी राहिली.

"ता माका म्हायत नाय," दुर्गा म्हणाली आणि वळली. आता विहिरीवर काय बोललं जाईल ते तिला इथूनच ऐकू येत होतं. कोपऱ्यातली जाळ्याची सुई थांबलेली होती, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर, वाडी निजलेली असताना, मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. हरिश्चंद्र होता. त्याच्या काखेत पंच्याची गुंडाळी होती. त्याने ती पायरीवर ठेवली आणि उलगडली. आत चपटी काळी वायर होती, नीट वेटोळं करून, जहाजावरचा दोर ठेवतात तशी.

"मिया कापलंय," तो म्हणाला.

दुर्गा पायरी उतरून खाली आली.

"रविवारी माझ्या पडयेत माका बसाक जागो नाय. जाळ्यार पाय देवन जातत, पान खावन थुकतत. हौसाक धा वेळा सांगलंय. ती म्हणता, लोक मान देवन येतत. त्या दिवशी माथा फिरला माझा."

"तिणां नाक घासल्यान तेवा तुमी थंयच होतास, काकानू."

"होतंय." तो पायरीच्या कडेला टेकला. म्हातारा दिसत होता. "ती सोताच हो म्हणाली. मी मनात म्हटलंय, बरा झाला, सुटलंय. पण त्या दिवसापासून निजाक येना नाय. न केलेला पोर कबूल कित्याक करता, ताच माका कळना नाय. सकाळी तू सांगलंस तेवा कळला." त्याने वायरखालचा पंचा ओढून खांद्यावर टाकला. "हौसाक सांगू नको गो. ह्या वयात माझो हसो होतलो."

दुर्गाच्या मनात कितीतरी आलं. तिला ओरडून वाडी जागी करावीशी वाटली. पण या माणसावर ओरडायचा आपल्याला कितीसा हक्क, तेही तिच्या मनात आलं. वायर त्याने कापली होती, शिपटी त्याने धरली नव्हती.

"हौसाकाकींका तुमीच सांगा," ती शेवटी म्हणाली. "पण आधी आनंदीक सांगा."

तिने आनंदीला हाक मारली. आनंदी दारात आली, वायरचं वेटोळं बघितलं आणि दाराच्या चौकटीला चिकटली. हरिश्चंद्र तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाय, ही वायर तू कापूक नाय," तो म्हणाला. "मिया कापलंय. तू उगाच मार खाल्लंस."

आनंदीने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग आईच्या हातांकडे. "नाय," ती ठामपणे म्हणाली. "मियाच कापलंय. कोयत्यान."

"अगो, मी सांगतंय ना."

"नाय. मी कापलंय."

हा आपल्याला फसवायचा डाव आहे असं आनंदीला वाटत होतं. आता नाही म्हटलं तर पुन्हा सुरू होईल. हरिश्चंद्राने मान दुसरीकडे वळवली आणि पंच्याने तोंड पुसलं. दुर्गाने आनंदीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तशी आनंदीने डोकं झाकून घेतलं. जयराम गुरुजींनी सांगितलं होतं तसं, दोन्ही कोपर वर करून.

रविवारी हरिश्चंद्राने सगळ्यांसमोर सांगितलं. तुकडाही पुढे ठेवला, आणि वायर सांधली गेली. वाडी पोट धरून हसली. तांडेलाने आपल्याच होडीचा दोर कापला, असं जो तो म्हणू लागला. हौसाबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही आणि मग तीही हसू लागली. रविवारी पडवीचा एक कोपरा तांडेलासाठी मोकळा राहू लागला, कोणी जाळ्यावर पाय देईना. आनंदीला कोणी काही म्हटलं नाही. हौसाबाईने बाळाच्या हातून गोड खाज्याची पुडी पाठवली आणि आता टीव्ही बघायला ये असा निरोप. आनंदीने खाजा खाल्ला. टीव्ही बघायला ती गेली नाही.

होडीवर राहिलेली शिपटी दुर्गाने परत आणली नाही. घरात दुसरी एक होती, तीही काही दिवसांनी दिसेनाशी झाली. बहुधा अक्काने चुलीत घातली. दुर्गाने विचारलं नाही.

ती शाळेत गेली. या वेळी तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"गुरुजीनू, मारतंय मी तिका," ती म्हणाली. पुस्तकी बोलायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. "आता सोडलंय. पण आता काय करूचा ता माका कळना नाय. हात उचलूक नाय तर ती माझ्या डोक्यार बसतली, असा वाटता."

गुरुजींनी टेबलाच्या खणातून लाकडी पट्टी काढून तिला दाखवली. तिच्या कडा झिजलेल्या होत्या. "माझ्याकडेही हीच आहे, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला विचारलं त्या दिवसापासून बाहेर काढलेली नाही. वर्गात गोंगाट वाढलाय. पुढे काय करायचं, ते मलाही नीट ठाऊक नाही. एवढंच करतो, काही झालं की लगेच विचारत नाही. थोडा वेळ जाऊ देतो."

ते महिने दुर्गाला मारण्याच्या दिवसांपेक्षा कठीण गेले. आनंदी सुधारली वगैरे नाही. उलट काही दिवस ती जास्तच वाईट वागली, भांडी फेकली, अक्काला लाथ मारली. दुर्गाचा हात उठायचा आणि मध्येच थांबायचा. एकदा थांबला नाही. मग ती विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसली आणि बराच वेळ परत आली नाही. मे महिन्यात सत्यवान आला तेव्हा त्याला तिने सगळं सांगितलं, घंटेचंही. तो आधी ऐकून घेईना. "पोरां अशीच आसतत," म्हणाला. तिने घंटेची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा त्याने ऐकून घेतलं. त्या सुट्टीत तो नुसत्या आनंदीला घेऊन समुद्रावर गेला नाही, दुर्गालाही घेऊन गेला.

पाऊस सरल्यानंतर एका संध्याकाळी हौसाबाईच्या घरातून रडणं ऐकू आलं. बाळाचा आवाज होता. दुर्गा अंगणात तांदूळ धूत होती. तिची शीर ठणकली. आनंदी मागच्या दाराने आत आली, केस पिंजारलेले, ओठाला रक्त.

"काय झाला?" दुर्गाच्या तोंडून गेलं.

"काय नाय."

"बाळाक चावलंस?"

"नाय. मी करूक नाय."

ते उघड खोटं होतं. रक्त तिच्या ओठाचं नव्हतं. दुर्गाचे हात तांदळाच्या पाण्यात होते. ते तिने तिथेच ठेवले. तिला राग आला होता, खरा राग, आणि त्या रागाखाली काहीतरी वेगळंच होतं. वर्षभरात पहिल्यांदा पोरगी नाही म्हणत होती आणि नाहीवर टिकून होती. हे चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. पोरगी आता खोटं बोलायला शिकली, असाही संशय आला. तिने तांदूळ पुन्हा धुतले, ते आधीच स्वच्छ झाले होते.

"तोंड धू," ती म्हणाली. "जेवूक वाढतंय."

आनंदी जेवायला बसली. माशाची कढी तिने भातावर ओतून घेतली, दोन घास खाल्ले आणि थांबली. अक्का तिच्याकडे बघत नव्हती, दुर्गाही बघत नव्हती.

"मीच चावलंय," आनंदी पानाकडे बघत म्हणाली. "पण तेणां पयला माका घंटाचोर म्हटल्यान. सगळी पोरां म्हणतत. बाबान गोष्ट हौसाआजयेक सांगलेली, ती बाळान आयकल्यान. मी घंटा चोरूक नाय, आये. ती देवळातच आसा. मी आज जावन बगलंय."

दुर्गाने तिच्याकडे पाहिलं. "नाय चोरलंस," ती म्हणाली. "माका म्हायत आसा."

"मगे मी कित्याक हो म्हटलंय?"

दुर्गाने हातातला डाव खाली ठेवला. "माका भियान," ती म्हणाली.

आनंदीने मान हलवली, जणू गणिताचं उत्तर बरोबर आलं. मग उरलेला भात खाल्ला. जेवण झाल्यावर दुर्गाने कंदील घेतला आणि दोघी हौसाबाईच्या घराकडे निघाल्या. बाळाची माफी आनंदीला मागायची होती आणि घंटेची गोष्ट नीट सांगायची होती, ती दुर्गाला. हौसाबाई काय म्हणेल, विश्वास ठेवेल की नाही, काही सांगता येत नव्हतं. कुंपणापाशी आनंदी थांबली.

"तू आधी जा," ती म्हणाली.

"बरा," दुर्गा म्हणाली आणि पुढे होऊन तिने हौसाबाईला हाक मारली.